वाघजाईच्या कालवडीचे जंत

बाळाबाईनं कालवडीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली आणि पटकन सोडून दिली. आतली कड पांढरी पडत चालली होती. मागच्या सोमवारी तिथं निदान फिकट गुलाबी रंग तरी होता.

गेळंबीच्या धनगरवाड्यावर हल्ली माणसं एकमेकांची खुशाली विचारायच्या आधी वासरांच्या पापण्यांची विचारपूस करत. पापणी लाल असली म्हणजे वासराच्या अंगात रक्त आहे. पांढरी असली म्हणजे ते पोटातल्या जंतांनी पिऊन टाकलं आहे. बाळाबाईच्या गोठ्यात गेल्या पावसाळ्यात जन्मलेली सगळी वासरं अशी पांढऱ्या पापण्यांनीच गेली होती. डोंगराच्या अल्याड-पल्याड सगळ्या वाड्यांवर हीच तऱ्हा. वासरू मेलं की गाय पान्हा चोरते, दूध आटतं, आणि आजची वासरंच जगली नाहीत तर उद्या गायी कुठून येणार? खालच्या गावातल्या शहाण्यांनी ह्या प्रश्नाचं उत्तर परस्पर देऊन टाकलं होतं. वाडे मोडा, खाली उतरा, काहीतरी कामधंदा बघा. गायीम्हशींवाचून गवळी धनगर खाली येऊन करणार काय, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

ही कालवड बाळाबाईची नव्हती. ती वाघजाईची होती. गेळंबीवर एक गाय पिढ्यान् पिढ्या देवीची असते. तिला दावं बांधायचं नाही, तिची धार काढायची नाही, ती चरते त्या देवीच्या राईत दुसरं जनावर सोडायचं नाही, तिनं वाड्याची शीव ओलांडायची नाही आणि तिच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. ती गेली की तिची कालवड देवीची होते. थोरली गाय दिवाळीनंतर म्हातारपणानं गेली आणि मागं उरली ही एकटी. जांभळाच्या रंगाची म्हणून सगळे तिला जांभळी म्हणत. देवीच्या जनावराची राखण बाळाबाईच्या सासरकडे होती. नवरा गेल्यापासून ती एकट्या बाळाबाईच्या गळ्यात पडली होती आणि तिनं ती आनंदानं घेतली होती. पोटची एकच पोर शिकून खाली गेलेली. बोलायला घरात दुसरं होतं कोण?

ती पोर त्याच सकाळी डोंगर चढून आली. प्रणालीची विजेची गाडी ओढ्यापर्यंतच यायची, पुढची चढण पायी. जनावरांची डॉक्टर होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, आता ती जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होती. दारात आली ती आईला पाणीसुद्धा न मागता थेट शेणाच्या पोजवळ जाऊन बसली. चिमूटभर शेण तिनं हातातल्या तपासणीच्या डबीत घातलं, झाकण लावलं आणि श्वास रोखून डबीच्या छोट्या पडद्याकडे बघत राहिली.

"आये!" ती ओरडली. "जागे झाले! शेणात रक्त यायला लागलंय. सगळे जागे झाले गं!"

आणि ती चक्क हसली. बाळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुला हसू कशाचं येतंय? लेकरू मरायला टेकलंय आन् तू दात काढतीस?"

प्रणालीचं हसू मावळलं. तिनं जांभळीच्या मानेवरून हात फिरवला, पण तिची नजर पुन्हा डबीकडे गेलीच. बाळाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

प्रणालीला हसू का आलं हे कळायला जरा मागं जावं लागेल.

जंताचं आयुष्य म्हणजे एक फेरा आहे. जनावराच्या शेणातून त्याची अंडी बाहेर पडतात. शेणात अळ्या होतात. पावसाळ्यात त्या ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, चरणारं वासरू त्यांना गवताबरोबर गिळतं आणि त्या त्याच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात जाऊन रक्त प्यायला लागतात. मोठ्या गायीचं शरीर त्यांना आवरायला शिकलेलं असतं. वासराला ते शिकायला एखाद-दुसरा पावसाळा लागतो आणि तेवढ्यात जंत त्याचा निकाल लावतात.

ह्यावर काही वर्षांपूर्वी एक रामबाण निघाला होता. हंगामी गोळी. बोटाएवढी लांब, लोखंडी नळीनं जनावराच्या घशाखाली उतरवायची. ती पोटात बसून राहायची आणि सबंध पावसाळाभर थोडं थोडं औषध सोडत राहायची. चरणाऱ्या प्रत्येक जनावराला गोळी, एकही सुटता कामा नये, असा हुकूम निघाला. सुरुवातीचे काही पावसाळे वासरं अशी तुकतुकीत झाली की म्हाताऱ्या बायका त्यांची दृष्ट काढायच्या. मग हळूहळू पापण्या पुन्हा पांढऱ्या व्हायला लागल्या. लाखात एखादा जंत असा असतो की त्याला औषध बाधत नाही. पूर्वी कुणाचं तरी जनावर औषधावाचून राहायचं, त्याच्या पोटातले साधे जंत ह्या निगरगट्टांशी जुळायचे आणि पुढच्या पिढीत निगरगट्टांचा जोर मोडायचा. गोळीनं साध्या जंतांना कुठं जागाच ठेवली नाही. मैदान मोकळं झालं आणि उरले ते सगळे निगरगट्ट. पांढरं औषध, पिवळं औषध, इंजेक्शन, दुप्पट मात्रा, कशालाच ते बधेनात.

तेव्हा प्रणालीच्या प्रयोगशाळेनं उलट्या बाजूनं विचार केला. जंत मारता येत नाहीत ना, मग निदान मरण्याजोगे तरी करावेत. त्यांनी एक जनुकीय कातरी तयार केली. ती एखाद्या साध्या जंतात घातली की त्याची सगळी प्रजा, निगरगट्ट जोडीदारापासून झालेलीसुद्धा, औषधाला बळी पडणारीच निपजे. असे जंत कुरणांवर मुद्दाम सोडायचे. काही पावसाळ्यांत डोंगरभर त्यांचंच राज्य होईल आणि कपाटात पडलेली जुनी औषधं पुन्हा चालू लागतील. अडचण एकच होती. कातरी घालायला साधा जंत हवा, जिवंत हवा आणि इथल्या पावसात मुरलेला हवा. परदेशातून आणलेले सह्याद्रीच्या पावसात टिकेनात, आणि इथले तर गोळीनं केव्हाच संपवले होते.

फक्त वाघजाईच्या गायीला गोळी दिलेली नव्हती. गोळीची नळी लोखंडाची होती ना!

हिवाळ्यात प्रणालीनं जांभळीचं शेण नेलं. त्यातली सगळी अंडी औषधाच्या परीक्षेतच खर्ची पडली, कारण एका थेंबात सगळ्या अळ्या मेल्या. हेच ते साधे जंत, अशी खात्री पटेपर्यंत उन्हाळा लागला. उन्हाळ्यात जंत अंडी घालत नाहीत, पोटाच्या अस्तरात शिरून झोपतात. गवतावरच्या अळ्या उन्हानं करपून जातात. म्हणजे आता ह्या डोंगरावरचे सगळे साधे जंत एकाच ठिकाणी होते, जांभळीच्या पोटात. वळवाचे दिवस आले की ते जागे होतात, आधी पोटभर रक्त पितात आणि मग अंडी घालतात. ह्या रक्त पिण्यात आणि अंडी घालण्यात काही दिवसांचं अंतर पडतं. प्रणाली हसली ती जंत जागे झाले म्हणून, आणि जांभळी ढासळली तीही त्यामुळंच.

"आठवडाभराचा प्रश्न हाय, आये," प्रणाली म्हणाली. "अंडी पडायला लागली की मी शेण गोळा करते आणि त्याच मिनिटाला तिला औषध देते. ते तिला लागू पडतंच, ते आपल्याला ठाऊक हाय. तोवर तिला तगवायची."

"आन् तगली न्हाई तर?"

"तगवू या की. मी सगळं सामान घेऊन आलेय. तुझ्या मोरी गायीचं रक्त काढते आणि हिला देते. तासाभराचं काम. तेवढ्यावर ती आठवडा सहज काढील."

बाळाबाईनं पिशवीकडे पाहिलं. "कशानं देणार?"

हा प्रश्न येणार हे प्रणालीला माहीत होतं.

"प्लास्टिकची नळी असते," ती म्हणाली. "पण ती आत सरकवायला आधी सुई लागती."

"सुई कशाची?"

"आये, एवढीशी सुई..."

"कशाची सांग."

"लोखंडाची."

"मग नगं."

प्रणालीनं आईचे दोन्ही हात धरले. ती विनवण्या करत होती, समजावत होती, मध्येच चिडत होती. देवीला तिची कालवड जगलेली आवडेल की मेलेली, असंही विचारून झालं. बाळाबाई ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "गोळी आली तवा तू हितंच उभी राहून मला अडाणी म्हणाली व्हतीस. एक गाय सोडलीस तर समदी मोहीम फुकट जाईल म्हणालीस. त्या वक्ताला मी तुझं ऐकलं असतं, तर आज त्या डबीत काय घालून बघितलं असतंस?"

ते भांडण झाल्यावर दोघी मायलेकी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. जो रिवाज मोड म्हणून ती आईला तोडून बोलली, त्याच रिवाजानं तिच्यासाठी हे जंत राखून ठेवले होते. तिनं रक्ताची पिशवी पुन्हा गुंडाळून ठेवली.

तिला परत जायला तर हवंच होतं. जांभळी शीव ओलांडणार नाही आणि अळ्या इथल्याच हवेत वाढायला हव्यात म्हटल्यावर तिच्या जंतांसाठी दुसरी पोटं वर आणायला हवी होती. जन्मल्यापासून गवताला तोंड न लावलेली दोन निर्जंत वासरं प्रयोगशाळेच्या गोठ्यात वाढवलेली होती. त्यांना डोंगर चढवून आणायचं, त्यांच्यासाठी जाळीचा मांडव घालायचा, अळ्या उबवायची पेटी आणायची.

"शनिवारी येते," निघताना ती म्हणाली. "तिला पेज घाल, गूळपाणी घाल, सावलीत ठेव. पण औषध नको, आये. कसलंच नको. एवढं माझं ऐक."

"ऐकते," बाळाबाई म्हणाली. ती ते मनापासून म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी जांभळीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. अंगातलं रक्त पातळ झालं की तसं होतं. बाळाबाईनं हे इतक्या वासरांत पाहिलं होतं की तिला पुढचं सगळं पाठ होतं. आधी पिशवी, मग चालताना झोकांड्या, मग बसणं आणि मग बसल्यावर न उठणं. तिनं नाचणीची पेज केली, ताकात कालवून ओंजळीनं पाजली. कोवळा पाला ओरबाडून आणून तोंडाशी धरला. जांभळी वास घ्यायची आणि मान वळवायची. बाळाबाई वाघजाईच्या शेंदूर फासलेल्या तांदळ्यापुढं जाऊन बसली आणि देवीशी चांगलं कडाकडा भांडून आली. तुझीच हाय, तूच बघ, मी किती बघू?

उन्हं कलताना पलीकडच्या वाड्यावरचा धाकलू बाजारी आला. धाकलू तिच्या नवऱ्याचा मित्र, वाकलेला पण पायानं अजून तुरतुरीत. त्याच्या वाड्यावर आता एकच वासरू जगून होतं, तेही लटपटणारं. जांभळीच्या पोटात औषध आहे असं लोकांना सांगत त्यानं डोंगर पालथा घातला होता. जंत आणि औषध ह्यात त्याचा जरा घोटाळा झाला होता, पण बाळाबाईनं तो कधी दुरुस्त केला नाही.

"वयनी, वाघजाईची पापणी कशी हाय?"

"बघा की तुम्हीच."

धाकलूनं वाकून पाहिलं आणि डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलं.

"हिला मरू दिऊ नगंस, वयनी," तो म्हणाला. "समद्या डोंगराचे डोळे हिच्याकडं लागल्यात. माझं येक हाय गोठ्यात. म्हातारी त्याला मांडीवर घिऊन बसती. आन् औषधबी दिऊ नगंस हां. पोरीनं सांगितलंय न्हवं?"

"मरू बी द्यायचं न्हाई आन् औषधबी द्यायचं न्हाई," बाळाबाई म्हणाली. "मग मी करू काय, भावजी? फुंकर घालू?"

धाकलू ओशाळला. जाताना तो जांभळीच्या पायाला हात लावून गेला.

शुक्रवारी सकाळी जांभळी उठली नाही.

बाळाबाईनं तिला पोटाखाली हात घालून उठवायचा प्रयत्न केला. कालवड उभी राहिली, थरथरली आणि पुढच्या गुडघ्यांवर बसली. तिचा श्वास उथळ चालला होता. बाळाबाई पळत सुटली. मोबाइलला रेंज फक्त माथ्यावरच्या सपाट सड्याच्या टोकाच्या खडकावर मिळायची. तिथं उभं राहून तिनं प्रणालीला फोन लावला.

"बसली गं, पोरी. उठंना झालीय."

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. "वासरं गाडीत चढवतोय, आये. उद्या दुपारपर्यंत पोचते. तेवढं काढ. कसंही कर, पण तेवढं काढ."

"आन् मेली तर?"

"मेली तर तिच्या पोटातले जंतपण मरतील," प्रणाली म्हणाली. "अंडी घालायच्या आधीच. मग काहीच राहणार न्हाई." तिचा आवाज फुटला. "अजून सुई टोचू देशील का? मी सगळं टाकून आत्ता निघते."

बाळाबाईनं हो म्हणायला तोंड उघडलं होतं. ते हो तिच्या घशापर्यंत आलं होतं, हे तिनं पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पण डोळ्यांसमोर सासू आली, सासूची सासू आली, देवीपुढं हात ठेवून घेतलेली शपथ आली. "न्हाई गं बाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. कालवड मेली तर जंतही जाणार. कालवड जगायला हवी आणि जंतही जगायला हवेत. म्हणजे थोडे मरायला हवेत आणि थोडे राहायला हवेत. संसारात जन्मभर तिनं हेच केलं होतं. दूध थोडं वासराला, थोडं घराला. भाकरी अर्धी ह्याला, अर्धी त्याला. अर्ध्यानं दोघं जगतात. ह्यात चूक काय होती?

फळीवर पांढऱ्या औषधाची बाटली होती. तिच्या वासरांना तिनं ते आधी सांगितलं तेवढं दिलं होतं, मग दुप्पट दिलं होतं, मग रडत रडत बाटलीच्या बाटली ओतली होती. जंतांचा केसही वाकडा झाला नव्हता. अशा औषधाचा अर्धा डोस म्हणजे कितीसा? साधे जंत असले म्हणून काय, अर्धे तरी उरतीलच. तिच्या लेखी ते जवळजवळ पाणीच होतं. पोरीला विचारावं असं एकदा मनात आलं. पण विचारलं तर ती नाहीच म्हणणार हे बाळाबाईला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तिनं विचारलं नाही.

बाटलीच्या झाकणानं तिनं अर्धा डोस मोजला. बांबूचं नळकांडं धुऊन घेतलं. बांबू म्हणजे लोखंड नव्हे. जांभळीची मान वर धरून, गालाच्या कोपऱ्यातून तिनं ते हळूहळू घशात सोडलं आणि गळ्यावरून हात फिरवत राहिली. जांभळीनं गिळलं.

"आई वाघजाई," बाळाबाई म्हणाली, "अर्धं तुझं, अर्धं माझ्या पोरीचं."

संध्याकाळी जांभळीनं ओंजळभर पेज प्यायली. बाळाबाईला वाटलं भास झाला. शनिवारी उजाडलं तेव्हा कालवड उभी होती. पाय फाकवून, डळमळत, पण उभी होती. तिनं पाला ओढून खाल्ला. थोड्या वेळानं खाली बसून डोळे मिटून रवंथ करायला लागली. ते जबड्याचं हलणं बघून बाळाबाई हमसून हमसून रडली. किती महिन्यांत तिनं एवढ्याशा वासराला रवंथ करताना पाहिलं नव्हतं. तिनं शेजारच्या पोरीबाळींना हाका मारून आणलं. बघा, बघा, उठली! बातमी सड्यावरून पलीकडच्या वाड्यावर जायला वेळ लागला नाही. औषध दिल्याचं तिनं चुलतजावेला सांगितलं आणि चुलतजावेला सांगितलं म्हणजे डोंगराला सांगितलं.

ऊन चढलं तसं जांभळीनं शेपूट वर केली आणि अंगणात एक वेडीवाकडी उडी मारली.

बाळाबाईचं हसू तोंडावरच थांबलं. पोटात अर्धे जंत शिल्लक असलेलं वासरू अशी उडी मारत नाही. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, पण इतकी वासरं हातांवर गेल्यावर तेवढं कळतंच. ती पडवीत जाऊन बसली आणि वाटेकडे बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, पोर आज उशिरा यावी.

प्रणाली वेळेवर आली. मागून दोन माणसं ती दोन निर्जंत वासरं चढण चढवून आणत होती, पांढरी स्वच्छ वासरं, उभ्या जन्मात डोंगर न पाहिलेली. जांभळी उभी आहे हे पाहून प्रणालीनं तिथूनच आरोळी ठोकली. "काढलंस, आये! काढलंस तू!" तिनं पळत येऊन आईला मिठी मारली. बाळाबाईचे हात वर उठलेच नाहीत.

प्रणालीनं डबी उघडली, शेण घातलं. पडदा उजळला. तिनं डबी झटकली, पुसली, दुसऱ्या पोमधलं शेण घातलं. मग तिसऱ्यांदा घातलं. अंडी नव्हती. ते एक वेळ ठीक होतं, एखादा दिवस मागंपुढं होतोच. पण रक्तही नव्हतं. तिनं पुढं होऊन जांभळीची पापणी ओढली. आत कोवळ्या गुलाबी रंगाची किंचित छटा परत आली होती.

"आये," ती मान न वळवता म्हणाली, "काय दिलंस?"

"अर्धंच दिलं गं," बाळाबाई म्हणाली. "अर्धेच मरत्याल म्हणून. ती चालली व्हती, पोरी. चाललीच व्हती. ती गेली असती तर जंतबी गेले असते, तूच म्हणालीस. म्हणून अर्धं दिलं. नळकांड्यानं. अर्धे ऱ्हायले असतील, नीट बघ की."

"ज्यांनी औषध कधी बघितलंच न्हाई," प्रणाली म्हणाली, "त्यांना अर्धं काय आणि पाव काय. त्यांना थेंब पुरतो." ती जमिनीवर बसली. तिचे हात मांडीवर तसेच पडले होते. "आपल्या वासरांतल्या जंतांवर तू बाटल्या ओतल्यास, म्हणून तुला वाटलं अर्ध्यानं काय होतंय. ते जंत निराळे होते, आये. हे भोळे होते. म्हणून तर हवे होते."

"दुसरीकडं असतील. येखाद्या देवाच्या जनावरात..."

"दोन वर्षं शोधतोय आम्ही. कुठंच न्हाईत."

ती रागावली असती तर बाळाबाईला बरं वाटलं असतं. तिनं शिव्या द्याव्यात, अडाणी म्हणावं, पुन्हा वर्षभर तोंड दाखवू नये. पण प्रणाली नुसती बसून होती.

"सुई टोचू दिली असतीस तर," एवढंच ती एकदा म्हणाली, आणि मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून तिला ते म्हटल्याचाही पश्चात्ताप झाला. तिनं आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. अंगणाच्या कडेला ती दोन पांढरी वासरं आता कुठं जायचं हे न कळून उभी होती. जांभळी त्यांना हुंगत होती, ढुशा देत होती, खेळायला बोलावत होती.

तेवढ्यात धाकलू आला.

त्यानं आपलं वासरू खांद्यांवर आडवं टाकून आणलं होतं, चारही पाय पुढं हातांत धरून. उतरण आणि चढण करून त्याचा सदरा घामानं चिकटला होता. वासराची मान लोंबत होती आणि जबड्याखाली पिशवी हिंदकळत होती. त्यानं ते जांभळीच्या सावलीत, अगदी तिच्या पायांशी नेऊन ठेवलं आणि तिच्याकडे बघून त्याचा सगळा चेहरा उजळला.

"खरंच की! उठली की गं!" तो म्हणाला. "वयनी, बाटली आण. उरलंय न्हवं औषध?"

"भावजी," बाळाबाई म्हणाली, "त्याचा गुण तुमच्या वासराला यायचा न्हाई."

"आं? हिला आला की."

"हिला आला. पर आता कुणाला यायचा न्हाई."

धाकलूला वाटलं ती थट्टा करते आहे. मग त्याचा चेहरा बदलला. प्रणाली उठून पुढं झाली आणि सांगायला लागली, ह्या कालवडीचे जंत वेगळे होते, तुमच्या वासराच्या पोटातले वेगळे आहेत, त्यांना हे औषध... धाकलूनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो बाळाबाईकडेच बघत होता.

"देवीच्या वासराला औषध हाय आन् धाकलूच्या वासराला न्हाई व्हय?" तो म्हणाला. "बाबू असता तर त्यानं मला असं दारातनं परत लावलं नसतं, वयनी."

नवऱ्याचं नाव निघालं तशी बाळाबाई उठली. फळीवरची बाटली आणि नळकांडं घेऊन आली आणि त्याच्या हातात दिलं. धाकलूनं अर्धं मोजलं नाही. बाटलीत होतं नव्हतं ते सगळं नळकांड्यात भरलं. वासराला ठसका लागू नये इतक्यापुरतं बाळाबाईनं त्याचं डोकं धरलं आणि जबडा उघडला. वासरानं गिळलं. धाकलूनं त्याच्या गळ्यावरून हात फिरवला, अगदी तिनं फिरवला होता तसाच.

"वाघजाईची किती येळानं उठली?" त्यानं विचारलं.

बाळाबाई रिकाम्या बाटलीचं झाकण लावायला लागली. प्रणालीनं मान फिरवली.

"सांग की, वयनी."

"दुसऱ्या दिवशी," बाळाबाई म्हणाली.

"मग बसतो हितंच उद्यापतुर," धाकलू म्हणाला आणि वासराचं डोकं मांडीवर घेऊन निवांत टेकून बसला. बाळाबाईला त्याच्या शेजारी बसवेना आणि तिथून उठवेना.